पापणीची उसनी घडी

डोळा उघडला की वरच्या पापणीची कातडी आत दुमडते आणि पापणीच्या कडेशी जवळपास समांतर अशी एक रेघ उमटते. डोळा मिटला की ती पुसट होते. भारतात बहुतेकांना ही घडी जन्मजात असते, त्यामुळे तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. आयशॅडो लावताना तेवढी ती आठवते. जपान, कोरिया, चीन आणि तैवानमध्ये मात्र निम्म्याच्या आसपास लोकांच्या पापणीवर ही घडी नसते, किंवा असली तरी कडेच्या इतकी लगत असते की उघड्या डोळ्यावर ती दिसत नाही. घडी असलेली पापणी ती दुहेरी आणि नसलेली ती एकेरी. जपानीत त्यांना फुताए आणि हितोए म्हणतात, कोरियनमध्ये सांगकोपुल आणि मुसांग, चिनीत श्वांग यानपी आणि दान यानपी. शाळकरी मुलीपासून नोकरदार तरुणापर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात हे शब्द सहज येतात. एकेरी पापणीवर दिवसापुरती घडी पाडण्यासाठी जी इवलीशी चिकटपट्टी वापरतात ती आयलिड टेप. पूर्व आशियातल्या कुठल्याही औषध-प्रसाधनांच्या दुकानात ती काजळपेन्सिलीच्या शेजारी टांगलेली असते. जपानमध्ये तर बहुतेक माल शंभर येनला विकणाऱ्या दाइसोसारख्या दुकानांतही ती मिळते.

ही पट्टी नेमके काय करते हे समजण्यासाठी आधी पापणीची रचना पाहायला हवी. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ कातडी असते. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. तिच्याखाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू पसरलेला असतो. पापणी वर उचलणारा स्नायू वेगळा. तो डोळ्याच्या खोबणीत अगदी मागे सुरू होतो, डोळ्याच्या गोलावरून पुढे येतो आणि पापणीत शिरताना एका रुंद, पातळ, चिवट पडद्यात रूपांतरित होतो. या पडद्याचे काही धागे पापणीला आकार देणाऱ्या आतल्या टणक पट्टीला जोडलेले असतात, तर काही गोलाकार स्नायूतून आरपार जाऊन थेट कातडीला चिकटतात. डोळा उघडताना हा स्नायू ओढ घेतो. धागे जिथे कातडीला जोडलेले आहेत तिथली कातडी आत खेचली जाते, तिच्या वरची सैल कातडी खाली ओघळते, आणि दोन्हींच्या मधल्या रेषेवर घडी पडते.

एकेरी पापणीत कातडीपर्यंत पोचणारे हे धागे विरळ असतात किंवा फार खालच्या पातळीवर जोडलेले असतात. शिवाय डोळ्याच्या खोबणीतली चरबी पापणीत अधिक खालपर्यंत उतरलेली असते. त्यामुळे स्नायूची ओढ टणक पट्टीला लागते, पापणी व्यवस्थित उघडते, पण कातडी ठरावीक रेषेवर आत खेचली जात नाही. ती सपाटच खाली येते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीचा आणखी एक पदर अनेकदा आलेला असतो, त्यामुळे तिथला गुलाबी भाग झाकला जातो. हा पदर आणि घडी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या पुष्कळदा एकत्र दिसतात. थंडी, बर्फावरून परावर्तित होणारा उजेड आणि वाळूचे वारे यांपासून बचाव व्हावा म्हणून अशी पापणी घडली, असे सर्रास सांगितले जाते. ते सिद्ध झालेले नाही. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात उष्ण प्रदेशात राहणाऱ्या सान लोकांमध्येही कोपऱ्यावरचा पदर आढळतो, आणि जगभरच्या कितीतरी तान्ह्या बाळांमध्येही तो असतो. बाळांच्या नाकाचे हाड वर आले की तो बहुधा नाहीसा होतो.

एकेरी पापणीत काही कमी नसते. तिचा डोळा तितकाच उघडतो, तितकेच पाहतो. घडी हा रचनेतला एक फरक आहे, केसांच्या कुरळेपणासारखाच. तो दोष आहे असे वाटण्याचा इतिहास शरीरशास्त्रात सापडत नाही, समाजात सापडतो.

आणि तो इतिहास फार जुनाही नाही. बाराव्या शतकातल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या जपानी कथेच्या चित्रगुंडाळ्यांमध्ये सरदार आणि राजस्त्रिया यांचे डोळे एका तिरप्या रेषेने आणि नाक एका आकडीने दाखवले आहे, तीच त्या काळची देखणेपणाची खूण होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस कितागावा उतामारोने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, सुंदर स्त्रियांची जी काष्ठमुद्राचित्रे केली त्यांतले डोळेही अरुंद, लांबट आणि बहुधा बिनघडीचेच. कोरियात शिन युन-बोकच्या प्रसिद्ध ‘मिइन्दो’ या चित्रातली तरुणी तशीच. तिच्या पापणीवर घडी नाही आणि चित्रकाराला ती असावी असे वाटलेलेही दिसत नाही.

1868 नंतर मेइजी काळात जपानने पाश्चात्त्य रीती वेगाने स्वीकारल्या. कपडे, केशरचना, छायाचित्रण, वैद्यक सगळेच बदलू लागले. 1896 मध्ये मिकामो या जपानी शल्यविशारदाने पापणीवर घडी पाडण्याच्या शस्त्रक्रियेचे पहिले ज्ञात वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्यासमोर आलेल्या स्त्रीच्या एका डोळ्याला घडी होती आणि दुसऱ्याला नव्हती. बिनघडीच्या पापणीतून रेशमाचे टाके घालून त्याने दोन्ही डोळे सारखे केले. जपानी स्त्रियांमध्ये घडी असलेली पापणीच अधिक आढळते, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो युरोपीय चेहरा घडवत नव्हता, आपल्याच लोकांतल्या बहुसंख्येसारखी पापणी करत होता. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण घडी हवीशी वाटणे म्हणजे निव्वळ गोऱ्यांची नक्कल, असा निकाल बाहेरचे लोक फार चटकन देतात. ज्या समाजात अर्ध्या लोकांना ती निसर्गतःच आहे, तिथे घडी ही काही परकी गोष्ट नाही. शेजारणीला आहे, सख्ख्या बहिणीला आहे, आईला आहे आणि आपल्याला नाही, ही तुलना घरातच सुरू होते.

तरीही पाश्चात्त्य प्रभाव नाकारणे बरोबर ठरणार नाही. कोरियन युद्धानंतर 1954 मध्ये अमेरिकन लष्करासोबत आलेल्या राल्फ मिलार्ड या प्लॅस्टिक सर्जनने कोरियात अशा शस्त्रक्रिया केल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या लेखनात पौर्वात्य डोळ्याला पाश्चात्त्य वळण देण्याची भाषा उघड दिसते. अमेरिकेत वाढलेल्या आशियाई वंशाच्या लोकांना तर हा दबाव फार थेट जाणवला. दूरचित्रवाणी निवेदिका ज्युली चेन यांनी 2013 मध्ये आपल्या कार्यक्रमात सांगितले की, ओहायो राज्यातल्या डेटन शहरात बातमीदार असताना वरिष्ठांनी त्यांना तुमच्या डोळ्यांमुळे तुम्ही मुलाखतीत कंटाळलेल्या दिसता असे ऐकवले आणि निवेदिकेची जागा मिळणार नाही असेही सांगितले. त्यानंतर त्यांनी पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. चेहरा तोच, काम तेच, आणि आड आला तो पापणीचा एक पदर. या प्रकारात दोष पापणीकडे होता असे म्हणता येणार नाही.

शस्त्रक्रियेला पैसे लागतात, धाडस लागते आणि अल्पवयीन असल्यास पालकांची परवानगी लागते. चिकटपट्टीला यातले काही लागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये पापणीचा गोंद आणि पट्ट्या दुकानांत रुळल्या. ‘आयपुची’ हे एका गोंदाचे व्यापारी नाव तर इतके रुळले की घडी पाडण्याच्या क्रियेलाच लोक आयपुची म्हणू लागले. 1995 मध्ये जपानात पुरिकुरा, म्हणजे चेहऱ्याचे चिकटचित्र काढून देणारी यंत्रे आली. पुढे त्यांत डोळे आपोआप मोठे दाखवण्याची सोय झाली. नंतर आलेल्या मोबाइल कॅमेऱ्याने हेच काम प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवले. यंत्राने फोटोत मोठा केलेला डोळा आरशात दिसेनासा झाला की हात टेपकडे वळतो, हा क्रम समजण्याजोगा आहे. कोरियातल्या ऑलिव्ह यंगसारख्या दुकानसाखळ्या आणि चीनमधली ऑनलाइन बाजारपेठ यांनी पुढे टेपचे असंख्य प्रकार आणले.

सर्वांत साधी पट्टी एका बाजूने चिकट असते. पारदर्शक किंवा कातडीच्या रंगाची, चंद्रकोरीच्या आकारात कापलेली, दोन-तीन मिलिमीटर रुंदीची. ती कातडीला कातडी चिकटवत नाही. ती फक्त आपल्याखालची कातडी कडक करते. फूटपट्टी दाबून धरलेला कागद जसा पट्टीच्या कडेवरच दुमडतो, तशी पापणी उघडताना टेपच्या वरच्या कडेशी कातडी दुमडते. म्हणून घडी कुठे पडणार हे टेपची वरची कड ठरवते. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी याहून पुढे जाते: घडीच्या वरची आणि खालची कातडी ती एकमेकींना चिकटवते. जाड, चरबीयुक्त पापणीवर एकबाजूची पट्टी टिकत नाही, तिथे ही वापरतात. तिसरा प्रकार म्हणजे ताणता येणारा बारीक चिकट धागा. ‘मेझाइक’ हे त्यातले जपानी नाव सर्वांत माहितीचे. धागा दोन्ही हातांनी ताणायचा, मिटलेल्या पापणीवर दाबायचा आणि सोडायचा. आखडताना तो कातडीत रुततो आणि तिथे खोबण तयार होते. त्याची उरलेली टोके कात्रीने कापावी लागतात, आणि डोळ्याला लागून कात्री चालवणे हीच त्यातली सर्वांत धोक्याची पायरी. अलीकडे जाळीदार कापडाच्या पट्ट्याही फार खपतात. त्या पाण्याने ओल्या करून लावल्या की कातडीत मिसळल्यासारख्या दिसतात आणि वर आयशॅडो नीट बसते.

गोंदाची तऱ्हा वेगळी. रबराच्या चिकापासून किंवा अ‍ॅक्रिलिक राळेपासून केलेला पांढरट द्रव बारीक ब्रशने पापणीवर ओढायचा, तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचे आणि मग काडीने कातडी आत ढकलायची. काही गोंद दोन कातड्या चिकटवतात. काही वाळल्यावर फक्त एक पातळ पापुद्रा तयार करतात आणि पापुद्र्याच्या कडेवर घडी पडते. दुसरा प्रकार डोळ्याला बराच सुसह्य, कारण पापणी मिटताना कुठे अडत नाही.

पट्टी लावणे दिसते तितके सोपे नाही. सकाळी तोंड धुतल्यावर पापणीवर क्रीम लावायचे नाही; तेलकटपणाचा अंशही राहिला तर दुपारपर्यंत कड सुटते. कापसावर टोनर घेऊन पापणी पुसायची आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. पाकिटाबरोबर दोन दातांची एक छोटी प्लॅस्टिकची काडी मिळते. तिने पापणीची कातडी वेगवेगळ्या उंचीवर हलकेच आत दाबून पाहायची आणि डोळा उघडायचा. कुठल्यातरी एका उंचीवर कातडी सहज आत जाते आणि डोळा मोकळा वाटतो. घडी तिथेच पाडायची. पापणीच्या केसांच्या मुळांपासून ही जागा बहुतेकांच्या बाबतीत पाच ते सात मिलिमीटर वर असते. मग चिमट्याने पट्टी टोकाला धरून उचलायची. बोटाने उचलली की बोटाचे तेल गोंदाला लागते आणि पट्टीचे आयुष्य तिथेच निम्मे होते. पट्टी किंचित ताणून आधी मध्यावर टेकवायची, मग नाकाकडचे टोक, मग कानाकडचे. डोळा मिटूनच काही क्षण दाबून धरायची. त्यानंतर डोळा उघडताना काडीने कड हलकेच वर सारली की घडी बसते.

आता आरशात समोर पाहून भागत नाही. हनुवटी वर करून डोळे खाली वळवायचे, कारण समोर बसलेल्या माणसाला पट्टी दिसते ती नेमकी पापणी खाली झुकल्यावर. घडी गरजेपेक्षा वर पाडली तर घडी आणि केस यांच्यामधला भाग फुगीर दिसतो. कोरियन मुली त्याला सॉसेज म्हणतात. घडीच्या आकारातही आवड असते. नाकाकडे कडेला चिकटून सुरू होणारी आणि कानाकडे उघडत जाणारी घडी जपानी चेहऱ्यावर अधिक नैसर्गिक दिसते असे मानतात. कडेला सबंध समांतर जाणारी घडी अधिक उठून दिसते. आतल्या कोपऱ्यावर कातडीचा पदर असेल तर समांतर घडी तिथे टिकत नाही, आणि कितीही पट्ट्या बदलल्या तरी तिचे आतले टोक पुन्हापुन्हा सुटते. अशा वेळी पट्टीला दोष देण्यापेक्षा आकार बदलावा.

रात्री पट्टी काढताना खरी काळजी घ्यावी लागते आणि नेमकी तिथेच घाई होते. कोरडी पट्टी ओरबाडली तर अर्ध्या मिलिमीटरची कातडी तिच्याबरोबर खेचली जाते. तेलाचा क्लिन्झर कापसावर घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट ठेवला की गोंद विरघळतो आणि पट्टी घरंगळत सुटते. काही जणी याउलट झोपतानाच पट्टी लावतात. रोज रात्री घडी धरली की हळूहळू ती कायमची बसेल, अशी त्यामागची आशा. सकाळी थोडा वेळ घडी टिकतेही, कारण दाबाने कातडीवर खूण उमटलेली असते आणि पापणी किंचित सुजलेली असते. पण घडी ज्या धाग्यांनी पडते ते धागे कातडीवरून पट्टी चिकटवून निर्माण होत नाहीत. काहींना काही वर्षांनी खरेच घडी येते. मात्र वाढत्या वयात गालावरची आणि पापणीतली चरबी उतरते, कातडी सैल पडते आणि एकेरी पापणी आपसूक दुहेरी होते हेही कितीकांच्या बाबतीत घडते. त्यात पट्टीचा वाटा आहे असे खात्रीने सांगता येत नाही.

त्रास कुठे होतो हे पापणीच्या कामावरून ध्यानात येते. माणूस जागेपणी मिनिटाला सरासरी पंधराच्या आसपास वेळा पापणी मिटतो, म्हणजे दिवसभरात दहा हजारांहून अधिक वेळा. दर मिटण्याबरोबर अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरतो. कातडीला कातडी चिकटवणारी पट्टी किंवा गोंद असेल तर पापणी पूर्ण मिटत नाही, खाली एक फट राहते. झोपेतही राहते. डोळ्याच्या पृष्ठभागावरची ओल तिथे सुकते. जळजळ, लाली, वाळूचा कण गेल्यासारखी खुपणी सुरू होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक. पापणीच्या कडेवर अश्रूंत तेल मिसळणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. गोंद तिथवर पसरला तर ती बुजतात आणि रांजणवाडी येऊ शकते.

दुसरा त्रास अ‍ॅलर्जीचा. गोंदात रबराचा चीक असेल आणि व्यक्तीला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर पापणी काही तासांत सुजू शकते. अ‍ॅक्रिलिक आणि राळ यांच्यामुळेही पापणीवर खाजरा, पापुद्रे सुटणारा त्वचादाह होतो. तो बरा झाला तरी पापणी काळवंडू शकते आणि ते डाग लवकर जात नाहीत. म्हणून नवी पट्टी किंवा गोंद थेट डोळ्यावर न लावता आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. दात असलेली काडी मैत्रिणींनी आपसांत वापरू नये. डोळ्यांची साथ अशाच वस्तूंवरून पसरते.

तिसरी गोष्ट सावकाश घडते आणि म्हणून अधिक गंभीर आहे. वर्षानुवर्षे रोज ताणली जाणारी कातडी सैल होते. घडी हवी म्हणून पट्टी, पट्टीमुळे सैल कातडी, सैल कातडी उचलून धरायला आणखी रुंद पट्टी, असा फेरा सुरू होतो. सतत ओढ बसल्याने पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पडदा विरण्याचीही धास्ती नेत्रतज्ज्ञांना वाटते. बरीच वर्षे कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये, लेन्स काढताना पापणी ताणल्यामुळे, असा प्रकार होतो हे माहीत आहे. तसे झाले की पापणी अर्धवट उतरते आणि ती शस्त्रक्रियेनेच वर आणावी लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी रोज पट्टी लावण्याबाबत म्हणूनच ठाम नकार असावा. त्या वयात चेहरा अजून घडत असतो, आणि पुढे काही वर्षांत पापणी कशी दिसेल हे कुणालाच सांगता येत नाही.

लग्नाच्या, फोटोच्या किंवा रंगमंचाच्या दिवसापुरती पट्टी लावणाऱ्या प्रौढ व्यक्तीला एवढी काळजी करण्याचे कारण नाही. पट्टीचा एक चांगला उपयोग असाही की शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याला आपला चेहरा घडीनिशी कसा दिसेल हे आधी पाहता येते. शस्त्रक्रिया दोन तऱ्हांची असते: कातडीतून बारीक धागे ओवून आत पुरणे, किंवा छेद देऊन थोडी चरबी काढून कातडी आतल्या पडद्याला टाचणे. पहिली लवकर भरते पण घडी काही वर्षांत सुटू शकते. दुसरी टिकाऊ असते आणि सहसा मागे घेता येत नाही. सेऊलच्या गांगनाम भागात अशी शेकडो रुग्णालये आहेत, आणि नोव्हेंबरमधली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा संपली की तिथे विद्यार्थ्यांची गर्दी होते. अनेक आईवडील ही शस्त्रक्रिया परीक्षेनंतरची भेट म्हणून देतात. त्याच कोरियात किम गो-उनसारखी अभिनेत्री एकेरी पापणीनिशी आघाडीच्या भूमिका करते आणि मुसांग डोळ्यांचे कौतुकही मोकळेपणाने होते. आवड बदलत असते. टेप दिवसाखेर काढता येते, टाके तितक्या सहज काढता येत नाहीत. घाईत असलेल्या अठरा वर्षांच्या मुलामुलीला हे घरातल्या कुणीतरी सांगायला हवे.

पापणीला चिकटपट्टी लावण्याचे काम वैद्यकातही जुने आहे. चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा झालेल्या रुग्णाचा डोळा झोपेत उघडा राहतो, तेव्हा कॉर्निया सुकू नये म्हणून रात्री पापणी पट्टीने मिटवून ठेवतात. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर भूलतज्ज्ञ याच कारणाने पट्ट्या लावतात. वयोमानाने कातडी लोंबून डोळ्यावर आली असेल तर वरच्या बाजूची दृष्टी झाकली जाते. अशा वेळी एकदा पापणी तशीच ठेवून आणि एकदा पट्टीने वर उचलून दृष्टिक्षेत्र मोजतात, म्हणजे शस्त्रक्रियेने किती फायदा होईल याचा अंदाज येतो. ऑनलाइन दुकानांतून आयलिड टेप आता मुंबई-पुण्यातही घरपोच मिळते. इथे कोरियन मालिका पाहून ती मागवणाऱ्या मुली आहेत, तशाच ओघळलेल्या पापणीने वैतागलेल्या पन्नाशीतल्या बायकाही असतात. दोघींच्या पापणीची गोष्ट वेगळी आहे. पहिलीला घडी बहुधा आधीपासूनच असते. दुसरीची घडी कातडीखाली झाकली गेलेली असते आणि पट्टी ती उघडी करते.

एकेरी पापणी ही केवळ परदेशातली गोष्ट नाही. मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल, सिक्कीम, लडाख इथल्या असंख्य भारतीयांची पापणी अशीच आहे. त्यांतले हजारो विद्यार्थी पुण्या-मुंबईत शिकतात, काम करतात, आणि डोळ्यांवरून मारलेले टोमणे रस्त्यावर, रिक्षात, वर्गात ऐकून घेतात. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याची दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून झालेल्या मारहाणीनंतर तो मरण पावला. त्यानंतर ईशान्येकडच्या नागरिकांच्या प्रश्नांसाठी केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. जो समाज डोळ्यांच्या ठेवणीवरून माणसाला परका ठरवतो, तिथे कुणा मुलीने पापणीवर पट्टी लावली तर तो तिचा शौक आहे की तिची ढाल, हे विचारायला हवे.

पट्टीने झाकू नये अशी एक स्थिती मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. दोन्ही पापण्या आजवर सारख्या होत्या आणि एक अचानक किंवा काही दिवसांत खाली उतरली, तर तो सौंदर्याचा प्रश्न नसतो. सकाळी पापणी ठीक असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते, हे मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराचे लक्षण असू शकते. पापणी उतरण्याबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तीव्र डोकेदुखी असेल किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याचा मज्जातंतूवर दाब पडल्याची शक्यता असते. अशा वेळी टेप शोधू नये, दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.